मांडे मनातलेच, तर तूप का कमी?

मांडे मनातलेच खायचे असतील तर तुपाची काटकसर करू नये, हा व्यवहारी सल्ला डेन्मार्कच्या लेगो विटांनी खेळणाऱ्यांनी न ऐकताच अमलात आणला आहे. या विटा हल्ली कॉम्प्युटरच्या पडद्यावरही रचतात. तिथली वीट हरवत नाही, पायाखाली येत नाही आणि मुख्य म्हणजे संपत नाही. रात्री पाणी प्यायला उठून ज्यांनी खरी वीट अनवाणी तुडवली आहे, त्यांना यातल्या दुसऱ्या गुणाची थोरवी सांगायला नको.

आठ टेंगळांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असं गणितवाल्यांनी काढून ठेवलंय. पण सहाच्या सहा सापडतील तर ना! आमच्या घरी सहावी वीट कायम धाकट्याच्या मुठीत असते आणि थोरलीचा बुरूज तिच्यावाचून अडलेला असतो. "बाबा, याला सांगा ना!" पडद्यावर हे भांडणच नाही. याला हजार घ्या, तिला हजार घ्या. सौ. म्हणते, "घरात शांतता आली." मला मात्र एक प्रश्न पडला. एकदा थोरलीने आपली एकुलती लाल वीट त्याला देऊन टाकली होती. तोंड एवढंसं करून दिली, पण दिली. ज्या जगात वीट संपतच नाही, तिथे ती पोर द्यायला शिकणार कशी? वीस वर्षं मी रोज लाखो रुपये काउंटरवरून देतो आहे, पण मला कोणी कर्ण म्हणत नाही. कॅशिअरच म्हणतात. जे दिल्याने आपलं काही कमी होत नाही, ते दान कसलं?

बी.कॉम.च्या बळावर मी निकाल देणार, एवढ्यात या पडद्यावरच्या विटांचं मूळ खातं कोणाचं ते कळलं. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी १९९५ साली 'एलड्रॉ' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक विटेचं माप टिपलेलं असतं. एका टेंगळाच्या विटेची रुंदी २० एकक, विटेची उंची २४, चपट्या तुकड्याची ८. गंमत म्हणजे तिथे वर चढायचं तर आकडा उणे होतो. आमच्या शाखेत आकडा उणे झाला की माणूस खाली येतो!

जेसिमन १९९७ साली वारले. आमच्याकडे खातेदार वारला की मृत्यूचा दाखला, वारस, तीन प्रतींत अर्ज, आणि तोवर व्यवहार बंद. इथे उलटंच झालं. देशोदेशीच्या हौशी लोकांनी खरे तुकडे हातात घेऊन, मोजून, एकेकाचं चित्र त्या खात्यात भरायला सुरुवात केली. आज तिथे हजारो तुकडे आहेत. काढणाऱ्याला ना सही ना स्लिप. प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत मात्र करणाऱ्याचं नाव असतं. आठ टेंगळांच्या साध्या विटेवर अजून जेसिमनचंच आहे.

म्हणजे माझा ताळेबंद कुठेतरी जमत नव्हता. विटा फुकट आहेत, पण ती एकेक वीट मापायला कोणाचा तरी रविवार गेलेला आहे. रविवारांची नक्कल निघत नाही. तो गेला की गेलाच, आणि त्याची एंट्री उलटवायची सोय कोणत्याही बँकेत नाही. द्यायला काहीतरी संपणारं लागतं हे खरंच, फक्त ते वीटच असलं पाहिजे असं नाही.

परवा थोरली धाकट्याला पडद्यावर बुरूज शिकवत बसली होती. दीड तास. उद्या तिचा गणिताचा पेपर होता, म्हणून सौ. ओरडली. मी मुकाट्याने ती एंट्री जमेला धरली.