घसाऱ्याचा धनी कोण?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि आठ लाखांचा ट्रॅक्टर एका रात्रीत साडेसात लाखांचा झाला. छोट्या मोटारींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, त्यांच्याही किमती उतरल्या. नवे वाहन घेणाऱ्यांसाठी ही चांगलीच बातमी होती. शेतीच्या यंत्रांवरचा कर कमी व्हायलाच हवा होता. पण हिंगोली जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्याने त्याच वर्षी पाडव्याला आठ लाखांचा ट्रॅक्टर दारात आणून पूजा केली, त्याचे काय झाले? नवाकोरा साडेसातला मिळत असताना सहा महिने वापरलेल्याला जुन्या हिशेबाने भाव कोण देणार? त्याचे कर्ज मात्र जुन्या कोटेशनवर ठरलेले होते. त्यातला एक रुपयाही कमी झाला नाही. त्यातच त्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन पाण्यात उभे राहिले.

वाहनाची किंमत उतरणारच, हे कोणाला नवे नाही. पण ती उतरते तेव्हा तोटा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आपल्याकडे कोणी मांडलेलाच नाही. आज तो सगळाच्या सगळा कर्जदाराच्या पदरात पडतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे केवळ अन्यायाचे नाही, कर्जव्यवहाराच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

आधी आकडे पाहू. आठ लाखांचा ट्रॅक्टर, एक लाख रोख, सात लाखांचे कर्ज, ‘दहा टक्के’ व्याज, मुदत पाच वर्षे. हे दहा टक्के फ्लॅट असतात. म्हणजे वर्षाला सत्तर हजार, पाच वर्षांचे साडेतीन लाख. मुद्दलासह साडेदहा लाख, आणि त्याचे एक लाख पाच हजारांचे दहा सहामाही हप्ते. दर हप्त्याला मुद्दल फिटत जाते, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण सात लाखांवरच मोजलेले असते. घटत्या शिलकेवर मांडले तर हाच दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. आता समजा, पहिले दोन हप्ते वेळेवर गेले आणि पुढचे दोन थकले. दोन वर्षांअखेर दंड न धरताही जवळपास सात लाखच अंगावर उरतात, म्हणजे जेवढे उचलले होते तेवढेच. आणि ट्रॅक्टर? विम्याच्या दरपत्रकात दोन वर्षे उलटलेल्या वाहनाच्या किमतीतून ३० टक्के घसारा वजा होतो. आठ लाखांचे राहिले पाच लाख साठ हजार. वाहन विकूनही वर एक लाख चाळीस हजारांचा खड्डा उरतो.

हाही कागदावरचा भाव. प्रत्यक्षात जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी आधी मीटरवरचे तास पाहतो, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. क्लचच्या पायडलचे रबर किती झिजले आहे, ते पाहतो. हायड्रॉलिक वर उचलून इंजिन बंद करतो आणि ते आपोआप खाली बसते का, याची वाट पाहतो. मागचे टायर किती टक्के उरलेत, हे बोटाने चाचपून सांगतो. मग विचारतो, ‘कारखान्याला चाललाय का?’ उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आणि क्लच काय सोसतो, हे त्याला माहीत असते. शेवटचा प्रश्न आरसी बुकावरच्या बोज्याचा. फायनान्सची एनओसी नसेल तर भाव पुन्हा खाली येतो, कारण विकणारा अडलेला आहे हे आता उघड झालेले असते.

हप्ता थकतो कसा, तेही पाहायला हवे. सहामाही हप्ता शेतकऱ्याच्या सोयीचा म्हणून सांगितला जातो. पण पाडव्याला घेतलेल्या ट्रॅक्टरचा पहिला हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोंडावर येतो. तेव्हा सोयाबीन एकतर शेतात उभे असते किंवा नुकते काढलेले, ओले आणि भाव पडलेले असते. वसमत-हिंगोलीच्या हळदीचा पैसा तर काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश होऊन उन्हाळ्यात हाती येतो. हप्त्याची तारीख पिकावरून ठरत नाही, खरेदीच्या मुहूर्तावरून ठरते. मग आडत्याकडून उचल घेऊन हप्ता भरायचा आणि माल त्याच्याच आडतीवर घालायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळाला. दहा हजारांच्या भरवशावर बांधलेला हप्ता चार-साडेचार हजारांत फेडायचा होता.

अशा वेळी ‘एक्स्चेंज’ची वाट दाखवली जाते. जुना द्या, नवा न्या. जुन्याला बाजारापेक्षा वीस हजार जास्त धरले जातात, म्हणून घरातले सगळे खूश. नव्यावर रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती यात जिरलेली असते. जुन्या कर्जाची उरलेली तूट कोटेशन फुगवून नव्या कर्जात घातली जाते. नवा ट्रॅक्टर घरी येतो, पण तो शोरूमच्या दारातून निघतानाच त्याच्या किमतीपेक्षा त्याच्यावरचे कर्ज मोठे असते. जुना खड्डा बुजत नाही, त्याच्यावर दुसरा खणला जातो. विक्रेत्याला विक्रीतून मिळते तसे कर्जातूनही मिळते, आणि किती मिळते हे गिऱ्हाईक विचारत नाही.

पुण्यातल्या एखाद्याची नोकरी गेली आणि मोटारीचा हप्ता थकला, तर त्याच दिवशी पुण्यात जुन्या मोटारींचा भाव पडत नाही. विकणारा अडचणीत असला तरी घेणारे हजारो असतात. हिंगोलीत तसे नाही. इथे जुना ट्रॅक्टर विकणारा आणि विकत घेणारा दोघेही त्याच सोयाबीनवर, त्याच हळदीवर जगतात. कयाधूला पूर आला, पीक गेले, की सेनगाव, कळमनुरी, औंढ्यात एकाच वेळी हप्ते थकतात. एकाच वेळी ट्रॅक्टर ओढून नेले जातात, यार्डात रांग लागते आणि त्याच वेळी घेणाऱ्याच्या खिशातही पैसा नसतो. म्हणजे कर्ज बुडण्याची वेळ आणि तारणाची किंमत कोसळण्याची वेळ एकच. जे तारण नेमके गरजेच्या वेळी पडते, त्याला तारण समजून कर्ज देणे हाच मुळात चुकीचा हिशेब आहे. त्या चुकीची भरपाई शेतकऱ्याने आणि त्याच्या जामीनदाराने का करावी?

कायद्याचे संरक्षण इथे तोकडे पडते. गावच्या सावकाराला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम लागतो. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने केरळ व गुजरातच्या कायद्यांबाबत २०२२ मध्ये स्पष्ट केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य माहितीचे पत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यात वार्षिक खरा दर लिहावा लागतो. ही मोठी सुधारणा आहे. सह्या करण्याआधी ते पत्रक मागून वाचावे. पण त्यात व्याज कळते, घसारा कळत नाही. दरवर्षीच्या अखेरीस कर्ज किती उरेल आणि वाहन अंदाजे कितीचे असेल, हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापले, तर कोणत्या वर्षी कर्ज वाहनाच्या किमतीहून मोठे असेल ते शेतकऱ्याला दिसेल. विमा कंपन्यांचे दरपत्रक तयारच आहे, वेगळे संशोधन करावे लागणार नाही.

ब्रिटनमध्ये मोटारीच्या कर्जाचा एक प्रकार रूढ आहे: मुदतीच्या शेवटी मोटार किमान कितीची असेल ते करारातच लिहितात. भाव त्याहून खाली गेला, तर ठरलेल्या अंतरात चालवलेली आणि नीट राखलेली मोटार परत देऊन माणूस मोकळा होतो. तोटा कर्ज देणाऱ्याचा. तिथेही लबाडी झाली. व्याजदर वाढवून दिला की विक्रेत्याचे कमिशन वाढावे, अशी सोय होती. ती जानेवारी २०२१ मध्ये बंद करावी लागली. तरीही घसाऱ्याची जोखीम कर्ज देणाऱ्याने घ्यायची, ही कल्पना व्यवहारात चालते.

यावर वित्त कंपन्या म्हणतील की ही जोखीम आमच्यावर टाकलीत तर व्याज वाढेल, किंवा हिंगोलीत कर्ज देणेच बंद होईल. आक्षेप खोटा नाही. सरकारी बँकेच्या दारात हेलपाटे घालून थकलेल्या शेतकऱ्याला याच कंपन्यांनी दोन दिवसांत ट्रॅक्टर दिला आहे, हेही मान्य करायला हवे. पण कंपनीचे ट्रॅक्टर पंजाबात आहेत, तमिळनाडूत आहेत, विदर्भात आहेत. सगळीकडे एकाच वर्षी पीक जात नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर एकच आणि शिवारही एकच. जोखीम ज्याला वाटून घेता येते, त्याने तिचा काही भाग उचलावा, एवढीच मागणी आहे. शासनाने अतिवृष्टी जाहीर केलेल्या महसूल मंडळात हप्ता दंडाशिवाय पुढच्या पिकावर ढकलावा. ओढून नेलेला ट्रॅक्टर कितीला आणि कोणाला विकला, ते कर्जदाराला लेखी कळवावे. आणि विक्रीनंतर उरलेल्या तुटीतला निम्मा वाटा कंपनीने सोसावा. तुटीत स्वतःचेही पैसे जाणार असतील, तर फुगवलेले कोटेशन मंजूर करताना कंपनी दोनदा विचार करेल.