बीगलच्या हृदयाला विचारलेले प्रश्न

बीगल जातीचा कुत्रा कापडी झोळीत उभा असतो. झोळीची आणि तोंडावरच्या मास्कची सवय त्याला आधीच लावलेली असते. अंगाला ईसीजीच्या तारा असतात, शिरेत सुई असते. आधी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन देऊन त्याचे हृदय त्याला कसे तोंड देते ते नोंदवतात. मग मास्कमधून पाच मिनिटे वायू देतात आणि वायू चालू असतानाच ॲड्रेनालिनची तीच मात्रा पुन्हा देतात. आता हृदयाचे ठोके लागोपाठ चुकू लागले, किंवा रक्त पुढे ढकलायचे सोडून ते नुसते थरथरू लागले, तर वायूची ती पातळी धोक्याची ठरते. काही कुत्री या थरथरण्यातून परत येत नाहीत.

ही पद्धत ड्यूपॉन्ट कंपनीच्या हॅस्केल प्रयोगशाळेतील राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडली. पुढे शीतयंत्रातले आणि आग विझवायचे कितीतरी वायू याच चाचणीतून गेले. बीगल निवडला जातो तो त्याच्या आटोपशीर आकारामुळे आणि स्वभावामुळे. तो शांत असतो, माणसावर पटकन विश्वास ठेवतो, दुखले तरी सहसा चावत नाही. ज्या गुणासाठी आपण त्याला घरात घेतो, त्याच गुणासाठी त्याला झोळीत उभे करतो. या चाचणीची उपयुक्तता मला मान्य आहे, तरी ही गोष्ट मला सुखाने गिळता येत नाही.

ॲड्रेनालिन कशासाठी, याचे उत्तर माणसांच्या मरणांत आहे. मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरने १९७० मध्ये ११० तरुण मुलांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. नशेसाठी स्प्रेमधले वायू आणि द्रावके हुंगणारी ही मुले गुदमरून मेली नव्हती. काहींच्या बाबतीत हुंगल्यावर धावाधाव झाली होती किंवा मनावर एकदम ताण आला होता, आणि मुलगा जागच्या जागी कोसळला होता. हे वायू हृदयाला ॲड्रेनालिनच्या बाबतीत हळवे करून ठेवतात. मग भीतीने किंवा धावण्याने शरीराने स्वतःच सोडलेले ॲड्रेनालिन हृदयाची लय मोडायला पुरते. रसायनतज्ज्ञ टॉमस मिजलीने १९३० मध्ये एका सभेत नवा शीतक वायू छातीभर ओढून मेणबत्ती विझवून दाखवली, तेव्हा तो विषारी नाही आणि पेटतही नाही अशी सभेची खात्री पटली. त्या प्रयोगात एक शांत, निश्चिंत माणूस उभा होता. घाबरलेल्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नव्हते.

मात्र हे गूढ १९७० चे नाही. ते क्लोरोफॉर्मइतके जुने आहे, आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारी, हैदराबादेत घडला. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. डॉक्टर जेम्स सिम्प्सनने १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरात भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरात आणले. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढून घेताना दगावली. शस्त्रक्रियेच्या धास्तीने ती आधीपासून रडत होती. तिचे हृदय थांबले की श्वास, यावर डॉक्टर पुढची कित्येक दशके भांडले. श्वासाकडे लक्ष द्या, हृदयाची काळजी नको, अशी एडिंबराची शिकवण होती. त्याच शिकवणीतून आलेले एडवर्ड लॉरी हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते. त्यांच्या पहिल्या क्लोरोफॉर्म कमिशनने १८८८ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला ते पटले नाहीत, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लंडनहून तज्ज्ञ मागवला. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले आणि दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले.

या कमिशनचे काम ढिसाळ नव्हते. दोन्ही कमिशनांत मिळून शेकडो प्राणी वापरले गेले. त्यांत कुत्री होती, माकडे होती, शेळ्या होत्या. भूल अर्धवट असताना दात काढून, नखे उपटून धक्क्याने हृदय थांबते का, हेही त्यांनी पाहिले. या ओळी लिहिताना अंगावर काटा येतो. प्राण्यांमध्ये आधी श्वास थांबत होता आणि हृदय नंतर. त्यावरून निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्म हृदयावर थेट घाला घालत नाही, श्वास नीट सांभाळला तर भीतीचे कारण नाही.

निष्कर्ष चुकीचा होता. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनालिन दिले तर हृदयाचे कप्पे थरथरत राहतात आणि प्राणी क्षणात मरतो. भूल खोल असली तर हे घडत नाही. हॅना ग्रीनरच्या मरणाचा, आणि तिच्यासारख्या कित्येकांच्या मरणाचा, पटेल असा खुलासा इथे मिळाला. १८८९ मध्ये ॲड्रेनालिन कुणाला ठाऊक नव्हते, ईसीजीचे वापरण्याजोगे यंत्र नव्हते. त्यामुळे नेमका प्रश्न विचारणे कमिशनला शक्यच नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो त्यांच्या छातीठोकपणात. इतक्या प्राण्यांत जे दिसले नाही ते माणसातही होत नाही, असे त्यांनी जाहीर केले. प्राण्यांची संख्या जितकी मोठी, तितका विश्वास पक्का होत गेला. मेलेल्या जिवांचा ढीग पुरावा म्हणून पुढे आला, आणि त्या पुराव्यावर विसंबून माणसांना भूल दिली जात राहिली.

म्हणून मला वाटते, प्राण्यांवरील प्रयोगांत क्रौर्याचा प्रश्न सुरी उचलण्याच्या फार आधी, प्रश्न ठरवतानाच सुरू होतो. चुकीच्या किंवा अर्धवट प्रश्नासाठी घेतलेला जीव दोनदा वाया जातो. एकदा त्या प्राण्यापुरता, आणि दुसऱ्यांदा त्या उत्तरावर भिस्त ठेवणाऱ्या माणसापुरता.

राइनहार्ट यांची चाचणी या कसोटीवर बरीच उतरते. तिने भीतीलाच प्रयोगात आणले, तेही घाबरलेले शरीर एरवी सोडते त्याहून मोठ्या मात्रेने. बँकांच्या आणि आयटी कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये आग विझवण्यासाठी एचएफसी-२२७ईए हा वायू भरलेली नळकांडी असतात. बीगलच्या चाचणीत हवेतील ९ टक्के प्रमाणापर्यंत त्याचा हृदयावर परिणाम दिसला नाही, १०.५ टक्क्यांवर दिसला. माणसे वावरतात अशा खोलीत किती वायू सोडायचा, हे अशा आकड्यांवरून ठरते. घंटा वाजल्यावर धडधडत्या छातीने जिन्याकडे पळणारी रात्रपाळीची मुलगी कुणा अनाम कुत्र्याच्या भरवशावर पळत असते. वायुगळतीत सापडलेल्या कामगाराला ॲड्रेनालिनसारखी औषधे जपून द्या, ही शीतक वायूंच्या सुरक्षा माहितीपत्रकातली सूचनाही याच ज्ञानातून आली. आपल्या फलाटांवर व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलांच्या मागे काठी घेऊन धावू नये, यालाही हेच कारण आहे. धावणे आणि भीती, दोन्ही त्यांच्या जिवावर बेतू शकतात.

तरीही या चाचणीचा हिशेब इथे मिटत नाही. ओझोनसाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि जुने वायू जाऊन नवे आले. पुढे तापमानवाढीसाठी २०१६ मध्ये किगालीत दुरुस्ती झाली आणि त्या नव्यांचीही जागा आणखी नव्यांनी घ्यायची ठरली. वातावरणाबाबत आपण केलेली प्रत्येक चूक सुधारताना कुत्र्यांची नवी फळी झोळीत चढते. क्लोरोफॉर्मसुद्धा शस्त्रक्रियागृहातून गेले तरी कारखान्यात उरले आहे. एसीमध्ये वर्षानुवर्षे वापरलेला आर-२२ हा शीतक वायू त्याच्यापासूनच तयार होतो.

मूलपेशींपासून वाढवलेल्या मानवी हृदयपेशी आज काचेच्या बशीत धडधडतात. त्यांना ॲड्रेनालिनही देता येते. पण थरथर हा अख्ख्या हृदयाचा आजार आहे, मूठभर पेशींत तो पुरता उमटत नाही. म्हणून कुत्र्यांची गरज आजच संपली, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्या कुत्र्यांकडून मिळालेले मात्र आपण अजून पुरते वापरलेले नाही. बीगलच्या रक्तात वायू किती भिनला तेव्हा लय बिघडली, हे मोजून आणि माणसाच्या श्वासाचे व रक्ताभिसरणाचे गणित मांडून, माणूस त्या वायूत किती मिनिटे सुरक्षित राहील हे काढता येते. आगीच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्यांनी ही रीत स्वीकारली आहे. एका प्रयोगातून दहा प्रश्नांची उत्तरे काढण्याचा हा मार्ग मला सर्वांत नैतिक वाटतो.

त्यासाठी नोंदी उघड्या हव्यात. ईसीजीने ठोक्यागणिक टिपलेल्या आलेखांपैकी किती कंपन्यांच्या कपाटांत पडून राहतील, याचा निर्णय कंपन्यांवर सोडू नये. युरोपच्या २००६ च्या रसायन कायद्याने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरील चाचणी हा शेवटचा उपाय ठरवला आणि झालेल्या चाचणीची माहिती इतर कंपन्यांना देणे बंधनकारक केले, म्हणजे तीच चाचणी कुणी पुन्हा करू नये. भारतात रसायनांच्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये पुढे आला. त्याच्या अंतिम रूपात ही तरतूद निःसंदिग्ध शब्दांत असली पाहिजे. नव्या वायूसाठी परवानगी मागणाऱ्याने जगात कुठे, किती कुत्र्यांवर, कोणत्या पातळीला काय दिसले हे आधी मांडावे, आणि एवढे हाती असूनही आणखी एक कुत्रा का लागतो, ते लेखी पटवून द्यावे.