आधी चूक मोज, मग कॅमेरा माग

"सर, सेल्फ-गायडिंग कॅमेरा कुठला घेऊ?" म्हणून विचारलंस. दुर्बिणीचं नाभीय अंतर किती, एवढं मी विचारलं तर तोंडाला कुलूप! माउंटचं ट्रॅकिंग किती चुकतं? माहीत नाही. फिल्टर कोणता लावणार? ठरलेलं नाही. झेडडब्ल्यूओच्या एएसआय२६००एमसी ड्युओची किंमत मात्र तोंडपाठ. हौस आहे, अभ्यास नाही.

नीट ऐक. अशा कॅमेऱ्यात दोन सेन्सर असतात. मोठा चित्र घेतो. शेजारचा छोटा एका गाइड ताऱ्यावर नजर ठेवतो आणि तारा सरकला की माउंटला सावरायला लावतो. ही युक्ती नवी नाही. १९९०च्या दशकात एसबीआयजी कंपनीच्या एसटी-७ कॅमेऱ्यात ती होतीच, आणि तिची खोडही तेव्हापासूनची: फिल्टर दोन्ही सेन्सरच्या पुढे येतो. हायड्रोजन-अल्फाचा अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावलास की गाइड ताराही मंदावणार. मग तारा शोधत रात्रभर कॅमेरा गोल फिरवत बस. एसबीआयजीनं पुढे गाइड सेन्सर फिल्टरच्या आधी नेऊन बसवला, तो उगाच?

आता हिशेब. मायक्रॉनमधल्या पिक्सेलला २०६नं गुण आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतरानं भाग. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल ४०० मिमीच्या दुर्बिणीवर जवळपास २ आर्कसेकंद आकाश व्यापतो. तिथे छोटी गाइड दुर्बीण आणि साधा गाइड कॅमेरा पुरतो. तोच पिक्सेल २०३२ मिमीच्या ८ इंची श्मिट-कॅसेग्रेनवर ०.४ आर्कसेकंदावर येतो. तिथे मुख्य आरसा जरासा कलला तरी वर बांधलेल्या गाइड दुर्बिणीला पत्ता लागत नाही. तिथे दुसरा सेन्सर त्याच दुर्बिणीतून बघणारा हवा, नाहीतर त्याच दुर्बिणीतला थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा, फिल्टरच्या आधी बसणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर हवा. तुझी दुर्बीण यातली कुठली, ते मी सांगायचं का?

आणि माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचं, म्हणजे ध्रुवसाधनाचं काय? पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश. धुरक्यात दिसला नाही की तू माउंट अंदाजानं लावतोस आणि वर "गायडिंग सांभाळून घेईल" म्हणतोस. नाही घेणार! गाइड तारा जागेवर राहील आणि बाकीचे त्याच्याभोवती कमानी काढतील. ताऱ्याच्या घसरणीवरून माउंट लावायच्या ड्रिफ्ट पद्धतीला ध्रुवतारा दिसावाही लागत नाही. ती शिकायचाच तुला कंटाळा.

पुढच्या निरभ्र रात्री गायडिंग बंद ठेव. खगोलीय विषुववृत्ताजवळचा, दक्षिणेला सर्वांत उंच चढलेला तारा धर आणि वीस मिनिटं त्याची जागा नोंदव. पूर्व-पश्चिम मागेपुढे झुलला तर माउंटच्या गिअरचा दोष. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरळ घसरत गेला तर ध्रुवसाधन चुकलं. आकडे वहीत लिहून आण. वही कोरी असेल तर कॅमेऱ्याचं नावसुद्धा माझ्यापुढे काढू नकोस.