दगडांचे सांधे

सावकाश वाचा. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा, पुढचं वाक्य वाट पाहील.

मनाने आधी खरोशाला जाऊ या. औसा तालुक्यातली टेकडी, तिच्या अंगात कोरलेली साधारण सहाव्या शतकातली लेणी. अजिंठा-वेरूळचा कातळ काळा, कठीण. इथला दगड तांबूस, भोकाभोकांचा जांभा. जांभा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणक होत जातो. इथे कुणी भिंत रचली नाही, छत चढवलं नाही. डोंगरातून नको तेवढं काढून घेतलं. उरले ते खांब, गाभारे, देव. त्या उरलेल्यापाशी चार श्वास बसा. मूर्तींचे चेहरे झिजले आहेत. कोण देव, कोणती कथा, हे ओळखायची घाई नको.

आता नांदेड जिल्ह्यात, देगलूरजवळचं होट्टल. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वर मंदिर. दोन दगडांच्या सांध्यावरून मनातल्या मनात बोट फिरवा. घडीव दगडावर घडीव दगड, मध्ये चुना नाही. वजन आणि खाचा, एवढ्यावर ते एकमेकांना धरून आहेत. ज्याने ही खाच घेतली त्याला पलीकडच्या दगडाचं माप ठाऊक होतं. या एका गोष्टीवर हवा तितका वेळ राहा.

पुढची जागा जड आहे. तयार व्हा, मग वाचा.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं झोपेतच गेली. भिंती तिथेही दगडाच्याच होत्या, चांगल्या जाड. पण दगड अनघड, मातीत बसवलेले. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचा भार. जमीन हलली, पदर फाकले, माळवद खाली आलं.

त्यानंतर लोक दगडाला भ्यायले. गावंच्या गावं नव्या जागी उठून गेली. त्या भीतीला कुणी अडाणीपणा म्हणू नये. ती मनात असेल तर असू द्या, तिला हटवू नका. तिच्या शेजारी होट्टलचा सांधाही ठेवा. दोन्हीकडे दगडच आहे.

वारसा म्हटलं की आपण खरोसा मोजतो, कंधार आणि औशाचे किल्ले मोजतो. मोजायलाच हवेत, त्यांच्यावर उगवणारं प्रत्येक झाड वेळेवर काढलं पाहिजे. पण ढाळजेचं, देवळीचं, माळवदाचं घर हेही या देशाचंच बांधकाम होतं, आणि ते आपण मोजत नाही. सांधा कसा घ्यायचा, आरपार दगड किती अंतरावर घालायचा, हे हाताचं ज्ञान मला देवळाइतकंच मोलाचं वाटतं. ते गेलं तर पडलेला चिरा पुन्हा जागेवर बसवायला माणूस कुठून आणणार?

तुमच्या ओळखीचं एक जुनं घर आठवा. ते बांधणाऱ्या गवंड्याचं, दगड फोडणाऱ्या वडाराचं नाव घरात कुणाला ठाऊक आहे का? या आठवड्यात विचारा. मिळालं तर वहीत लिहा, गावाच्या नावासकट.