डाव कौशल्याचा, पण पैसा कोणाचा?

ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ एकवीस या आकड्याभोवती फिरतो. दुरीपासून दश्शीपर्यंतची पाने आपापल्या किमतीची, गुलाम, राणी आणि राजा प्रत्येकी दहाचे, तर एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. आधी पैसे लावायचे, मग दोन पाने हातात येतात. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते, दुसरे झाकलेले. खेळाडू आणखी पान मागतो किंवा थांबतो. पहिल्या दोन पानांवर बाजी दुप्पट करता येते, जोडी आली तर ती फोडून दोन वेगळे डाव मांडता येतात. बेरीज 21 च्या वर गेली की लावलेले पैसे गेले. वाटणाऱ्याला मात्र मर्जी नाही: 16 पर्यंत पान घ्यायचेच आणि 17 झाले की थांबायचे. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले, तर दहा लावणाऱ्याला वर पंधरा मिळतात, काही टेबलांवर बाराच.

कसिनोची कमाई मुख्यतः एका साध्या नियमात आहे. खेळाडू आधी खेळतो. त्याची बेरीज 21 ओलांडून गेली की पैसे लगेच उचलले जातात. नंतर वाटणाऱ्याचीही बेरीज ओलांडली तरी ते परत मिळत नाहीत. आपल्याकडच्या अड्ड्यावर जागेचा मालक उघडपणे नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो, इथे तो नाल नियमांतच मुरलेला असतो.

तरीही हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. 1956 मध्ये अमेरिकी सैन्यात असलेल्या चार गणितज्ञांनी कोणत्या पानांवर काय करावे याचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि 1962 मध्ये एडवर्ड थॉर्प यांच्या पुस्तकाने पाने लक्षात ठेवून कसिनोवर मात करण्याची रीत सांगितली. हातात दश्शी आणि छक्का आहे, समोर वाटणाऱ्याचा राजा उघडा आहे, असे समजा. तेरापैकी आठ प्रकारची पाने डाव बुडवणारी, तरीही हिशेब सांगतो की पान घ्या, कारण थांबण्यात तोटा किंचित जास्त आहे. दोन्ही वाटांनी सरासरी निम्म्याहून अधिक बाजी जाते. कौशल्य म्हणजे इथे बहुधा कमी तोट्याची वाट शोधणे. अशा बिनचूक खेळाने चांगल्या नियमांच्या टेबलावर कसिनोचा वाटा शेकडा अर्ध्यापर्यंत खाली येतो.

इथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. जुगार वाईट तो नशिबावर चालतो म्हणून, असे मानले तर कौशल्य वाढेल तसा दोष कमी व्हायला हवा. हे खरे आहे का?

कतारमधील दोह्याच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या मेसईदमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यातच मिळते. पूर्वी उम्म सईद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बंदरातून 1949 च्या शेवटी कतारचे तेल पहिल्यांदा निर्यात झाले. पुढे खत, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून भारतीय कामगार आले, त्यांत मराठी माणसेही. कतारमध्ये कसिनो नाही. 2004 च्या दंडसंहितेनुसार जुगार हा गुन्हा आहे, आणि त्याची ओळख हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला ठरलेली रक्कम किंवा वस्तू देण्याच्या करारावरून पटते. खेळाडू किती हुशार, याला तिथे महत्त्व नाही.

या भूमिकेमागे कुराणातील ‘मैसिर’ची कल्पना आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याच्या मांसाच्या वाट्यांसाठी बाण काढून पैज लागे. हरणारे उंटाची किंमत भरत आणि मांस पुष्कळदा गरिबांना वाटले जाई. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात मैसिरमध्ये लोकांचा काही फायदा आहे हे मान्य केले आहे, पण पाप त्याहून मोठे ठरवले आहे. पाचव्या अध्यायात तो पूर्ण वर्ज्य केला असून माणसांत वैर निर्माण होते आणि प्रार्थनेचा विसर पडतो, अशी कारणे दिली आहेत. म्हणजे दानधर्मासाठी खेळलेला जुगारही सुटत नाही. याउलट कतारमध्ये उंटांच्या शर्यतींना मोठी बक्षिसे असतात. ती स्पर्धकांच्या खिशातून काढलेली नसतील तर हरकत नाही. स्पर्धा चालते, अनिश्चितताही चालते, व्यापारात ती असतेच. दोष आहे तो एकाच्या नुकसानीतून, काहीही न देता, दुसऱ्याने केलेल्या लाभात.

भारतीय परंपरेचा सूर एवढा एकसंध नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात बेहड्याच्या फाशांनी घर गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. मनुस्मृती द्यूत राज्यातून हद्दपार करायला सांगते, तर कौटिल्याचे अर्थशास्त्र त्यावर अधिकारी नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करते. दिवाळीच्या पाडव्याला तर द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि पार्वतीने शंकराला फाशांत हरवल्याची कथा त्याला जोडलेली आहे. पण सर्वांत खोल जाणारा प्रश्न सभापर्वात येतो. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला आणि मग त्याने द्रौपदीला पणाला लावले. द्रौपदी विचारते, स्वतःवरच मालकी न उरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठला? भीष्मांनाही सरळ उत्तर देता आले नाही. शकुनी फाशांत निपुण होता, म्हणून त्या प्रश्नाची धार कमी होत नाही. पुढे वनात युधिष्ठिरही अक्षविद्या शिकला, पण त्याने ते उत्तर मिळाले नाही.

दोन परंपरा असे दोन वेगळे प्रश्न विचारतात: पैसा आला कसा, आणि पणाला लावलेला पैसा होता कोणाचा? मेसईदच्या कामगाराला दुसरा प्रश्न जास्त जवळचा आहे. कतारमध्ये 2021 पासून किमान मूळ वेतन महिना 1000 रियाल आहे. दर डावाला दहा रियाल लावले तर शंभर डावांत तेवढीच रक्कम टेबलावरून फिरते, आणि त्याला दोन तासही पुरतात. सराईत खेळाडू यात सरासरी पाच रियाल हरेल, अंदाजाने खेळणारा कितीतरी जास्त. पण सरासरी ही हजारो डावांची असते. एका रात्री सगळा पगारही जाऊ शकतो. त्यात गावाकडचा घरखर्च, मुलांची फी, आईचे औषध असते. ज्यांचा वाटा पणाला लागतो, त्यांच्या हातात पानेच नसतात. पाडव्याला चिंचोके मांडून रंगणाऱ्या डावात या दोन्ही प्रश्नांना जागाच उरत नाही. तरी काही इस्लामी धर्मशास्त्री बाजीविना खेळलेले फासेही वर्ज्य मानतात.

भारतातील कायद्यांचा कलही हळूहळू कौशल्याला सूट न देण्याकडे झुकत आहे. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने रक्षिलेला व्यापार नव्हे असे ठरवले, पण कौशल्याच्या स्पर्धांना त्यातून वगळले. गोव्यात मांडवीवरच्या कसिनो बोटींना परवाने आहेत, तर महाराष्ट्राने कधीच अमलात न आलेला 1976 चा कसिनो कायदा 2023 मध्ये रद्द करायला घेतला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. कौशल्याने हरण्याचे प्रमाण बदलते. पैसा कोणाचा होता, हे बदलत नाही.