रेशीमकिडा आणि गिधाड

भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चिकपेटला गेलो होतो. चपला बाहेर काढून गादीवर बसलो आणि दुकानदार एकेक घडी उलगडू लागला. भाचीनं मध्येच विचारलं, ‘‘मावशी, एका साडीत किती किडे जात असतील गं?’’ दुकानदाराला मराठी कळत होतं. चिकपेटला त्याचं नवल नाही. तो म्हणाला, ‘‘हजारो. पण काळजी नको ताई, किडा संपत नाही.’’

त्याचं म्हणणं खरं आहे. तुतीवरचा रेशीमकिडा माणसानं हजारो वर्षं पाळला. त्याच्या पतंगाला पंख आहेत, पण उडता येत नाही. अळीला पाला आपण आणून द्यावा लागतो. पतंग कोष फोडून बाहेर आला तर धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा उकळत्या पाण्यात जातो. जात म्हणून इतका सुरक्षित जीव विरळा, आणि त्यातला जवळपास एकही किडा आयुष्य पुरतं जगत नाही. संवर्धनाचा आपला हिशेब मात्र जातींचा असतो, जिवांचा नसतो.

कोषांचा मोठा बाजार बंगळुरूपासून 50 किलोमीटरवर, रामनगरला भरतो. त्याच गावाजवळच्या रामदेवर बेट्टाच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. ‘शोले’चं चित्रीकरण झालं तोच हा खडकाळ मुलूख. 2012 साली तिथे गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झालं. आपल्यामुळेच जगणारा एक जीव आणि आपल्यामुळेच संपत आलेला दुसरा, असे दोन्ही एकाच गावात.

गिधाडांना कुणी मारायला गेलं नव्हतं. दुखणाईत गुराला डायक्लोफेनॅक दिलं जाई. औषध स्वस्त, बैल पायावर उभा राही. पण तो मेलाच, तर औषध त्याच्या मांसात उरे आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून हे कारण उघड झालं, 2006 साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली होती. रेशमात मारण्याचा हेतू उघड आहे. इथे होती ती गुराबद्दलची माया. शेतकऱ्याला दोषी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दोष नसला की देणंही नसतं, हे मला पटत नाही.

‘निसर्गात ढवळाढवळ नको, टिकायचं ते टिकेल,’ असं म्हणणारे मित्र आहेत. ऐकायला नम्र वाटतं. पण विहिरीत विष पडलं ते आपल्याच हातून, आणि आता पाण्याला हात लावायचा नाही म्हणायचं, ही कसली नम्रता?

अडचण पुढेच आहे. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उचलून यंत्रात उबवलं तर ती कधी दुसरं घालते. काही पक्ष्यांचा सगळा जन्म जाळीआड जातो, आणि तो ज्या जातीसाठी जातो तिची त्यांना काही खबर नसते. जातीसाठी एकेका जिवाला वेठीला धरणं! चिकपेटच्या दुकानदाराचा हिशेब यापेक्षा फार वेगळा नाही. फरक मला एवढाच दिसतो की रेशीमकिड्याला माणूस कायमचा लागावा अशी आपली सोय आहे, आणि गिधाडाला तो लागू नये अशी धडपड आहे. 2024 मध्ये पिंजोरची गिधाडं पेंच आणि ताडोब्याला आणली ती याचसाठी. पण ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही तितकीच घातक वेदनाशामकं 2023 पर्यंत गुरांसाठी राजरोस मिळत होती. औषधाच्या दुकानातलं काम अर्धवट राहिलं तर पिंजरा म्हणजे नुसतं पोल्ट्रीफार्म.

(भाषेचंही एक आहे. जटायूला आपण हात जोडतो, पण त्याच्या भाऊबंदांचं नाव मराठीत शिवीसारखं वापरतो. तेंडुलकरांच्या नाटकाचं ‘गिधाडे’ हे नाव आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. कन्नडात हाच पक्षी ‘रणहद्दु’, म्हणजे रणातली घार. त्यात भीती असेल, पण किळस नाही. अनुवाद करताना हा शब्द मला नेहमी अडवतो.)

साडी घेतलीच. पुढच्या रविवारी भाचीला घेऊन रामनगरला गेले. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसत होते, खाली देवळात भाविकांची वर्दळ होती. बऱ्याच वेळानं एक गिधाड पंख न हलवता कड्याच्या वर आलं.

‘‘यांना खायला कोण घालतं?’’ भाचीनं पहारेकऱ्याला विचारलं.

‘‘कोणी नाही,’’ तो म्हणाला, ‘‘ती जातात शोधायला. कुठे जातात, काय खातात, आम्हाला इथून दिसत नाही.’’