तिऱ्हाईत

गेल्या पाडव्याला श्रीखंड-पुरीचं जेवण आटोपत असताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, मला गाडीला नायट्रस बसवायचंय."

मी काही बोलायच्या आधीच सौ. म्हणाली, "नायट्रस? अरे, तुझ्या वेळी हॉस्पिटलात मला तोच दिला होता. गॅस अँड एअर! डोकं इतकं हलकं झालं की त्या मिडवाइफशी मी चक्क मराठीत गप्पा मारत होते."

गॅस तोच, नायट्रस ऑक्साइड. प्रसूतीच्या वेळी ऑक्सिजनमध्ये निम्मा-निम्मा मिसळून देतात. ब्रिस्टलला १७९९ साली हम्फ्री डेव्ही नावाचा विशीतला तरुण तो स्वतःच हुंगून प्रयोग करत होता. यानं वेदना थांबतात, शस्त्रक्रियेत उपयोग होईल, असं त्यानं १८०० साली पुस्तकात लिहूनही ठेवलं. पण पुढची चाळीसेक वर्षं लोकांनी त्याचा उपयोग केला तो मुख्यतः हसण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो विमानांच्या इंजिनात घातला, कारण फार उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. आणि २००१ साली, मी एम.एस्सी.साठी इथे आलो त्याच वर्षी, 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला आणि जगभरच्या पोरांना गाडीच्या डिकीतल्या निळ्या सिलिंडरचं वेड लागलं. मलाही लागलं होतं. फक्त तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, बसचा पास होता.

चिरंजीव मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे त्याची तयारी पक्की. इंजिनाची ताकद पेट्रोलवर नाही, ते जाळायला किती ऑक्सिजन मिळतो यावर ठरते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. सिलिंडरमध्ये तो द्रवरूप असतो, सुटला की उणे ८८ अंशाला उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते. इंजिनात तापला की फुटून ऑक्सिजन मोकळा करतो. जोडीला जादा पेट्रोल द्यायचं, स्पार्क थोडा उशिरा पाडायचा. पाय पूर्ण दाबला असेल तरच झडप उघडेल असा स्विच, इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेत असतील तरच गॅस सोडणारा कंट्रोलर. पन्नास अश्वशक्ती, पण मोजक्या सेकंदांपुरती.

"आणि पेट्रोल कमी पडलं तर?" मी विचारलं.

"पिस्टनला भोक," तो शांतपणे म्हणाला.

माझं अर्धं आयुष्य क्लायंटच्या रिस्क रजिस्टरचे रकाने भरण्यात गेलंय. तेव्हा मी ताबडतोब रकाने काढले. पिस्टन फुटला तर नुकसान त्याचं. उन्हाळ्यात वेअरहाउसमध्ये कमावलेले पैसे आहेत, जाऊ देत. हातपाय मोडला तर? तिथे माझा आवाज चढला, पण वीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा जीव धोक्यात घालायचा अजिबात हक्क नाही, असं तत्त्वतः मला म्हणता येईना. डेव्हीनं काय वेगळं केलं होतं? खरा प्रश्न तिसऱ्या रकान्याचा होता. झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या बाईला ही पन्नास अश्वशक्ती हवी आहे का, हे तिला कोण विचारणार?

आपल्या भाषेत या माणसाला फार नेमका शब्द आहे, तिऱ्हाईत. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानं मोटारीचा विमा सक्तीचा केला तो या तिऱ्हाइतासाठी. स्वतःच्या गाडीचा विमा काढा, नका काढू, सरकारला पर्वा नाही. पण ज्याचा आपल्या हौसेशी काही संबंध नाही, त्याची सोय केल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. मला हे फार आवडतं. तेव्हा मी ऐटीत निकाल दिला, "बसव. पण विमा कंपनीला कळवून. लपवलंस तर पॉलिसी रद्द होऊ शकते. विनाविमा पकडला गेलास तर सहा पॉइंट, आणि लायसन्सला दोन वर्षं झालेली नसताना सहा पॉइंट म्हणजे लायसन्सच गेलं."

"चालेल," तो म्हणाला. "मग त्याच फोनवर मुख्य चालक कोण तेही सांगू या का?"

टेबलावर शांतता. सौ. वाट्या उचलायला लागली.

मंडळी, इथल्या अनेक घरांत हे होतं म्हणून लिहितो. पॉलिसीवर मुख्य चालक मी, तो नुसता 'नेम्ड ड्रायव्हर'. प्रत्यक्षात मी रोज मिल्टन कीन्सहून ट्रेननं लंडनला जातो आणि गाडी तोच चालवतो. अठराव्या वर्षी त्याच्या नावावर मागवलेलं कोटेशन गाडीच्या किमतीहून जास्त निघालं, तेव्हा ही युक्ती मला एका मित्रानं शिकवली. 'सगळेच करतात.' इथे याला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि हा सरळ फसवणुकीचा प्रकार आहे. मी त्याला मनातल्या मनात 'ऑप्टिमायझेशन' म्हणत होतो.

बचावाला मी म्हटलं, "अपघात झालाच, तरी समोरच्याला भरपाई मिळतेच. विमा नसलेल्या गाड्यांसाठी १९४६ पासून मोटर इन्शुरर्स ब्युरो आहे."

"त्यांचे पैसे कुठून येतात, बाबा?"

येतात विमा कंपन्यांकडून, म्हणजे प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांच्या खिशातून. तिऱ्हाईत फक्त झेब्रा क्रॉसिंगवर नसतो. नायट्रसमध्ये निदान आवाज होतो, माणूस दचकून बाजूला तरी होतो. माझा प्रकार बिनआवाजाचा होता.

पुढच्या एका रविवारी आम्ही सँटा पॉडला गेलो. पोडिंग्टनचा जुना विमानतळ, १९६६ पासून ड्रॅग रेसिंगची धावपट्टी. तिथे आपली रोजची गाडी सुद्धा पाव मैल पळवता येते. धावणारे सही करून उतरतात, बघणारे तिकीट काढून कठड्यामागे बसतात. तिऱ्हाईत कुणी नाही. एका पेन्शनर गृहस्थानं जुन्या फोर्डची डिकी उघडून सिलिंडर आणि झडपा कौतुकानं दाखवल्या. रस्त्यावर वापरता का, विचारलं तर म्हणाला, "घरी जाताना सिलिंडर काढून ठेवतो." चिरंजीवांनी आमची सिव्हिक आहे तशीच पळवली. सतरा सेकंद आणि वर थोडं. मी पण एकदा पळवली, आकडा सांगत नाही.

सोमवारी फोन केला. मुख्य चालक बदलला, हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. निम्मा तो भरतो, त्यामुळे नायट्रसचे पैसे त्यातच गेले. ही शिक्षा त्याला का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि आमचं त्यावर अजून एकमत नाही. शिवाय दीड वर्षात मी जे वाचवले, ते पैसे आता कुणाचे, असंही त्यानं विचारलंय. त्या आकड्याचा रकाना मी अजून भरलेला नाही.